एक काना


आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक २१.

अर्थ साधा आहे. श्रेष्ठ माणूस जसा वागतो, तसेच बाकीचे वागतात. तो जे प्रमाण मानतो, लोक त्याच्याच मागे जातात.

रविवारी माझी चार वर्षांची मुलगी भातुकली खेळत होती. ती 'बाबा' झाली होती. अस्वलाला म्हणाली, "हो सर, लगेच पाठवतो सर." मुलगी असून 'पाठवतो'! मला हसू आलं. मग ती बाहुलीकडे वळली आणि आवाज एकदम बदलला. "ए, कप उचल ना. किती वेळा सांगायचं?"

"ही कोण गं?"
"ही कामवाली मावशी."

हसू गेलं. आमच्याकडे येणाऱ्या मावशी माझ्या आईच्या वयाच्या आहेत. सख्ख्या मावशीलाही आपण 'तू' म्हणतो, पण ते मायेने. हा सूर हुकमाचा होता, आणि तो माझाच होता.

मोठ्यांना 'अहो' म्हणायचं, हे आम्ही तिला शिकवलंय. पण मूल नुसता नियम ऐकत नाही. कोण कोणाला काय म्हणतं, ते ऐकतं. 'आण' की 'आणा', 'बस' की 'बसा' : मराठीत कोण मोठं आणि कोण छोटं, हे एका कान्यावर ठरतं. तो काना मी कुठे देतो आणि कुठे गाळतो, हे तिने बरोबर टिपलं.

ज्ञानेश्वरीत या श्लोकावर माउली 'वडील' हा शब्द वापरतात. वडीलधारे जे करतात, त्यालाच बाकीचे धर्म समजतात. म्हणजे माझ्या घरात धर्म कुठला, हे माझ्या पोथीवरून ठरत नाही. पुढच्याच श्लोकांत भगवंत म्हणतात, मला तिन्ही लोकांत काही मिळवायचं उरलेलं नाही, तरी मी कर्म करतो. नाहीतर लोक माझंच पाहून कर्म सोडतील.

वारीत पाहा. पांढऱ्या केसांचे आजोबा कोवळ्या पोराच्या पाया पडतात आणि 'माउली' म्हणतात. तिथलं मूल समतेवरचं प्रवचन न ऐकताही समता शिकतं.

सोमवारी मावशी आल्या. म्हटलं, "या मावशी. आधी चहा घ्या." जीभ जरा अडखळली. त्या क्षणभर थांबून बघत राहिल्या. मुलगी दूध पिता पिता ऐकत होती.

आजचा अभ्यास : मॅनेजर, वॉचमन, रिक्षावाले काका, यांच्याशी बोलताना आपलं क्रियापद कसं बदलतं, ते दिवसभर ऐका. जिथे गळतोय, तिथे एक काना द्या.

राम कृष्ण हरी 🙏