भोपळ्याची वाढ व भोपळ्याचे पिकणे



मार्ककृत शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायात आपल्या प्रभूने एका शेतकऱ्याचा लहानसा दाखला सांगितला आहे. बी पेरून झाल्यावर त्या मनुष्याच्या हाती फारसे काही उरत नाही. तो निजतो, उठतो, आपल्या कामास जातो, आणि मातीच्या पोटात जे चालले आहे त्याचा त्याला पत्ताही लागत नाही. प्रभूने त्या वाढीचे टप्पे एकामागून एक असे सांगितले आहेत, व त्यांत दाणा भरणे हे अगदी शेवटी ठेविले आहे. या दाखल्यावर आम्ही पुष्कळदा उपदेश केला. परंतु त्यातला तो शेवटचा टप्पा आम्हांस कळला तो धान्याच्या शेतात नव्हे, तर आमच्याच गोठ्याच्या छपरावर.

लाल भोपळा ठाऊक नाही असे घर आपल्या खेड्यांत नसेल. कोठे त्यास डांगर म्हणतात, कोठे काशीफळ. मृगाचा पाऊस पडला की आपल्या आयाबहिणी उकिरड्याच्या कडेला किंवा परसातल्या भिंतीपाशी दोन-चार बिया टोचून ठेवितात. जमिनीत ऊब व ओल असली तर आठवडाभरात दोन जाड दले वर येतात. पुढे वेल इतकी झपाट्याने धावते की आज कुडावर असलेला शेंडा चार दिवसांनी पाहावा तो छपरावर चढलेला असतो. सहा-सात आठवड्यांनी पिवळी धमक फुले येऊ लागतात. पण पहिली फुले बहुतेक नर असतात व त्यांना फळ धरत नाही. त्या दिवसांत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, की वेल नुसती माजली, फुले तेवढी गळतात. (आमच्या घरी त्यांची भजी होतात, म्हणून तक्रार थोडी कमी असते.) त्यानंतर मादी फुले येतात. त्यांच्या पाकळ्यांखाली चिमुकला भोपळा आधीच बसलेला असतो. असे फूल पहाटे उमलते व दुपारच्या आत मिटते, ते पुन्हा उमलत नाही. तेवढ्या अवधीत मधमाशीने नर फुलाचा पराग आणून पोहोचविला तर फळ धरते. नाही तर तो चिमुकला भोपळा पिवळा पडून गळून जातो.

एकदा फळ धरले म्हणजे मात्र जी वाढ होते ती पाहून मनुष्याने तोंडात बोट घालावे. सकाळी मुठीएवढे पाहिलेले फळ आठवड्याने तांब्याएवढे होते, व तीन-साडेतीन आठवड्यांत त्याने आपला बहुतेक सर्व आकार गाठलेला असतो. अमेरिकेत भोपळ्यांच्या शर्यती होतात. तेथे एका वेलीवर एकच फळ राखून बाकीची खुडून टाकितात. असले राक्षसी फळ भरात आले असता एका दिवसात पंधरा किलोंहून अधिक वजन घेते. सन २०२३ च्या आक्टोबर महिन्यात कॅलिफोर्नियातील हाफ मून बे या गावी ट्रॅव्हिस गिंगर नावाच्या माळ्याने आणलेला भोपळा सुमारे १२४७ किलो भरला, व तोवर तोलल्या गेलेल्या सर्व भोपळ्यांत तो जड ठरला. परंतु अशी फळे स्वतःच्याच भाराने चेपून जमिनीवर पसरतात, पुष्कळ वेळा वाढता वाढताच फुटतात, आणि खाण्यास पाणचट लागतात. आपल्या परसातल्या भोपळ्यातही शंभर भागांत नव्वदांच्या आसपास पाणीच असते. जी वाढ आपल्या डोळ्यांत भरते तिच्यातला मोठा हिस्सा पाण्याचा आहे.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत हंगामाचा सण जवळ आला होता, आणि आमच्या छपरावर एक भोपळा असा धरला होता की रस्त्याने जाणारा थांबून पाही. फळ धरून पंचवीस दिवस झाले होते. अर्पणाच्या लिलावात पाळकाच्या घरचा भोपळा सर्वांत मोठा असावा, अशी आमची इच्छा होती. ती शुद्ध होती असे आम्ही म्हणत नाही. विळा घेऊन आम्ही शिडीवर चढत होतो तोच मंडळीतल्या एक वृद्ध आजी दूध घेऊन अंगणात आल्या.

त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, राहू द्या हो अजून तीन-चार आठवडे."

आम्ही हसून म्हटले, "आजी, याहून आणखी केवढा होणार?"

"मोठा नाही व्हायचा आता. पिकायचा राहिलाय."

आम्ही तो कापला. लिलावात त्याला त्या दिवशीची सर्वांत मोठी बोली आली, टाळ्या झाल्या, आणि एका गरीब भावाने तो लेकीच्या सासरी भेट म्हणून नेला. पुढे पुष्कळ दिवसांनी आम्हांस कळले की दहा-बारा दिवसांत त्याला देठाकडून पाणी सुटले. चिरला तेव्हा आत गर पांढुरका व बेचव, आणि बिया म्हणजे नुसती टरफले, चिमटीत धरल्या तर आत काही नाही. त्या भावाने आम्हांस एका शब्दाने बोल लाविला नाही.

आजींच्या त्या उत्तरात जे शहाणपण होते ते आम्ही नंतर पुस्तकांतून व शेतकऱ्यांस विचारून समजून घेतले. पूर्ण आकार आल्यावर फळास पिकण्यासाठी आणखी तीन-चार आठवडे लागतात. फळ धरल्यापासून हिशेब केला तर पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस होतात. या दुसऱ्या मुदतीत बाहेरून पाहणाऱ्यास काहीच घडताना दिसत नाही. सुतळीने माप घेतले तर ते काल होते तेवढेच आज भरते. उलट वेल म्हातारी दिसू लागते, पाने करपतात, फळाची चकाकी जाते. पण याच दिवसांत साल टणक होते, गरास रंग व गोडी येते, देठ वाळून लाकडासारखा होतो, आणि सर्वांत शेवटी बिया भरतात. ज्या बीतून पुढल्या वर्षीची वेल व्हावयाची, ते बी फळाच्या मोठेपणाच्या दिवसांत घडत नाही. ते घडते कोणी पाहत नसते तेव्हा.

ज्या वर्षी आम्ही तो भोपळा कापला त्याच वर्षी आमच्या हातून दुसरीही एक कापणी झाली होती, व तिच्याविषयी बोलण्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे. एका तरुणाने पुनरुत्थानाच्या सणास बाप्तिस्मा घेतला. त्याचा गळा गोड, वाणी मोकळी, पाठांतर दांडगे. तीन महिन्यांत तो प्रार्थनासभा चालवू लागला, सहा महिन्यांत आम्ही त्यास शेजारच्या वाडीवर उपदेशास पाठविले, आणि नाताळापूर्वी वरिष्ठांस पाठवावयाच्या वार्षिक अहवालात त्याच्याविषयी एक मोठा परिच्छेद लिहिला. पौलाने तीमथ्याला पहिल्या पत्रात बजावले आहे की नव्यानेच विश्वासात आलेल्यास मंडळीच्या अध्यक्षाचे काम देऊ नये. हे आम्ही शाळेत शिकलो होतो, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. पुढे त्याच्या वडिलांचे निधन झाले. क्रियाकर्मावरून भाऊबंदांनी त्याला घेरले, जमिनीच्या वाट्यावरून धमकाविले, आणि वाडीवरच्या लोकांनी त्याला असे प्रश्न विचारले की ज्यांची उत्तरे त्याच्याजवळ नव्हती, कारण आम्ही ती त्याला कधी दिलीच नव्हती. तो उपासनेस येईनासा झाला. तो भोपळा दहा दिवसांत नासला होता. हा तरुण दीड वर्ष टिकला, हेच आश्चर्य.

दोष फळाचा नव्हता. विळा आमच्या हाती होता.

योना संदेष्ट्याच्या वेलीची गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. ती वेल कोणती यावर फार जुना वाद आहे. तो आपला लाल भोपळा तर खासच नव्हे, कारण हे पीक मूळचे अमेरिका खंडातले, आणि कोलंबसाच्या सफरीनंतरच ते आपल्या बाजूच्या जगात आले. जुन्या ग्रीक भाषांतरात भोपळ्याच्या जातीची वेल म्हटले आहे. पुष्कळ पंडितांना ते एरंडाचे झाड वाटते. जेरोमने आपल्या लॅटिन भाषांतरात तिसरेच नाव घातले, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील ओइआ गावच्या मंडळीत केवढा गोंधळ उडाला याची हकीकत ऑगस्टीनने इ. स. ४०३ मध्ये जेरोमला पत्राने कळविली होती. एका झाडाच्या नावासाठी त्या बिशपावर मंडळी गमावण्याची पाळी आली! असो. वेल कोणतीही असो, ती एका रात्रीत वाढली व एका रात्रीत गेली, आणि तिच्यासाठी योना फार हळहळला. परंतु त्याच सुमारास निनवे शहरात काय चालले होते? चाळीस दिवसांची मुदत मिळालेले एक लाख वीस हजारांहून अधिक लोक नुकतेच देवाकडे वळू लागले होते. त्यांचे हे वळणे कोवळे होते, अपुरे होते. देव त्यांच्यासाठी थांबावयास तयार होता. योनाला मात्र शहराबाहेर बसून निकाल तेवढा पाहावयाचा होता. झटपट सावलीचा आनंद आणि झटपट निकालाची घाई, ही दोन्ही एकाच मनुष्यात कशी राहतात हे आम्हांस आमच्याच घरी पाहावयास मिळाले.

उपदेशक बंधूंनो, तुम्ही दोन-दोन, तीन-तीन गावे पायी वा सायकलीने सांभाळिता, आणि वर्षअखेरीस तुमच्यापुढे एक कागद येतो, त्यात आकडे भरावयाचे असतात. बाप्तिस्मे किती, नवीन घरे किती, शाळेत मुले किती. तो कागद आम्हीही भरितो, व तो नको असे आमचे म्हणणे नाही. पण फळ पिकले की नाही हे पाहण्यास आपल्या आयाबहिणी सुतळी वापरीत नाहीत. त्या नख लावितात. कोवळ्या सालीत नख रुतते, पिकलेल्या सालीत रुतत नाही. मनुष्याला नख लावावयास आपण जावे लागत नाही. घरात मरण येते, भाऊबंद वाटणी नाकारितात, पोर आजारी पडते व शेजारीण देवऋष्याचे नाव सुचविते. असे नख लागते तेव्हा आपण कोठे असतो, एवढे प्रत्येकाने आपल्याशी पाहावे. त्या तरुणाच्या घरी वडिलांचे प्रेत असता आम्ही अहवालाची नक्कल करीत बसलो होतो, व दुसऱ्या दिवशी गेलो.

आणि याच्या उलट एक चूक आहे, तीही सांगितली पाहिजे. कित्येक बंधू म्हणतात की अमका तीन वर्षे येतो, पण त्याच्यात काही फरक दिसत नाही. नाव कमी करावे. तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी त्या माळ्याने मालकाजवळ आणखी एक वर्ष मागितले, व ते मागताना आळे खणून खत घालण्याचे काम स्वतःकडे घेतले. भोपळ्याचे माप थांबले म्हणून वेल उपटणारा शेतकरी आम्ही पाहिला नाही. उलट कापल्यावरही तो फळाची घाई करीत नाही. चार बोटे देठ राखून कापितो, देठाला धरून उचलीत नाही, कारण देठ तुटला की तेथून कुज शिरते. आठ-दहा दिवस उबेत ठेवितो, मग गवतावर किंवा गोणपाटावर कोरड्या जागी मांडितो. तेथे पडल्या पडल्या त्यातल्या पिठूळ अंशाची साखर होते, आणि पुढे कित्येक महिने तो घरास पुरतो.

त्या तरुणाकडे आम्ही पुढे गेलो. एकदा नव्हे, पुष्कळदा. पहिल्या वेळी तो घरातून बाहेर आला नाही. दुसऱ्या वेळी त्याच्या बायकोने पाणी दिले. आम्ही अहवालाची गोष्ट त्याला स्वतः सांगितली व क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. आजी मात्र आम्हांस न कळवता दर महिन्याला त्याच्या घरी जात होत्या, हे आम्हांस फार उशिरा समजले. जाताना त्या फडक्यात घारगे बांधून नेत, त्याच्या मुलांना देत, थोडा वेळ बसत व परत येत. शास्त्र उघडीत नसत, कारण त्यांना वाचता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तो आला व दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसला. आम्ही त्यास प्रार्थना करावयास सांगितले नाही. त्यानंतर तो कधी येतो, कधी येत नाही. यंदा आमच्या छपरावर पुन्हा एक भोपळा धरला आहे. त्याला आज अडतीस दिवस झाले, आणि हंगामाचा सण येत्या रविवारी आहे. काल आजी आल्या, शिडीच्या खालच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी मान वर करून पाहिले, आणि आम्ही काही विचारण्यापूर्वीच दुधाचे भांडे ओट्यावर ठेवून त्या निघून गेल्या. विळा आम्ही आत नेऊन ठेविला आहे.