त्यांना थंडी वाजत नव्हती का?

सातपुड्यातल्या डाब गावी दव गोठल्याची बातमी आली, की आम्ही खालच्या सपाटीवरचे नंदुरबारकरही अंगावरची गोधडी जरा अधिकच लपेटून घेतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रात्री चिरंजीवांनी घरी एक चिनी युद्धपट लावला. नाव 'चांगजिन सरोवराची लढाई'. तीन नामांकित दिग्दर्शकांनी मिळून, अफाट खर्च करून काढलेला हा चित्रपट २०२१ साली चीनमध्ये लागला आणि तोवर तिथल्या कोणत्याही चित्रपटाला झाली नव्हती एवढी प्राप्ती त्याला झाली. विषय १९५० सालच्या कोरियन युद्धाचा. शेवटाकडे एक दृश्य येते. बर्फात दबा धरून बसलेले चिनी सैनिक बंदुका रोखलेल्या स्थितीतच गोठून मेले आहेत, आणि त्यांचा शत्रू असलेला अमेरिकन सेनापती त्यांना सलाम करतो आहे. माझे डोळे पाणावले. तेवढ्यात शेजारी बसलेल्या नातवाने विचारले, "आजोबा, त्यांना थंडी वाजत नव्हती का?"

मी म्हणालो, "झोप आता. उशीर झाला." वडीलधाऱ्यांजवळ उत्तर नसले की मुलांची झोपायची वेळ होते, हे आपण सारे जाणतोच.

पण प्रश्न काही झोपला नाही. त्या युद्धात चिनी सेनेचे हे विभाग पूर्वेकडच्या उबदार प्रांतांतून घाईघाईने कोरियाकडे धाडले गेले होते. पुरेसे हिवाळी कपडे मिळण्यापूर्वीच ते तिथे पोहोचले. पारा शून्याखाली तीस अंश आणि त्याहूनही खाली गेलेला. हजारो सैनिक शत्रूच्या गोळीने नव्हे, तर थंडीने निकामी झाले. चित्रपटात ही थंडी नाही असे नाही. दगडासारखे गोठलेले बटाटे चावणारे सैनिक त्यात दाखवले आहेत. तो पाहून काही प्रेक्षकांनी घरी बटाटे गोठवून खाल्ले. परंतु या गोठलेल्या तुकडीविषयी एका पत्रकाराने उपरोधाने लिहिले, तेव्हा त्याला अटक झाली आणि २०२२ च्या मे महिन्यात हुतात्म्यांच्या बदनामीबद्दल सात महिन्यांची शिक्षा झाली. त्याचा उपरोध मलाही रुचला नाही. मेलेल्यांची थट्टा करू नये. पण त्या शिक्षेच्या धाकाने जो कोणी साधा प्रश्न विचारणार होता, तोही गप्प बसला असेल. माझ्या नातवाचा प्रश्न तिथे कोण विचारील?

कोणी म्हणेल, चिनी सैनिकांसाठी तुमचे डोळे कशाला पाणावतात? १९६२ विसरलात काय? विसरलो नाही. पण सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस याच चीनच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, आणि शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेला बोलपट पाहून आपल्याच लोकांनी डोळे पुसले, हेही मी विसरलेलो नाही. थंडीला गणवेशाचा रंग कळत नाही.

आणि १९६२ चे म्हणाल, तर गोठलेले हुतात्मे आपल्याकडेही आहेत. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या हाताखालची, १३ कुमाऊँची सुमारे १२० जवानांची तुकडी जवळजवळ संपूर्ण कामी आली. वाचलेल्या मोजक्या जवानांनी सांगितलेली कथा प्रथम अनेकांना खरी वाटेना. पुढच्या वर्षी बर्फातून देह सापडले. खंदकांत, हातात शस्त्रे धरलेल्या स्थितीत गोठलेले! चेतन आनंद यांनी १९६४ साली 'हकीकत' काढला, तो याच युद्धावर. विजयाचा नव्हे, माघारीचा चित्रपट. तरी लोकांनी तो आपला मानला.

त्या हिवाळ्यात आपल्या अनेक तुकड्यांजवळही पुरेसे लोकरीचे कपडे नव्हते. ही वार्ता पसरली, तेव्हा घरोघरी बायाबापड्यांनी जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले, संरक्षण निधीत अंगावरचे दागिने दिले. 'त्यांना थंडी वाजत नव्हती का?' हा प्रश्न त्या माउल्यांनी सुयांनी विचारला होता. मात्र पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी केली, तिचा अहवाल कुलुपातच राहिला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी १९६३ साली त्यातले काही निष्कर्ष संसदेत सांगितले, पण मूळ अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. तेव्हा चीनकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुणाकडे वळतात, तेही पाहावे.

असे प्रश्न विचारल्याने हुतात्म्यांचा अवमान होतो काय? आमच्या गावात या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात मिरवणुकीवर गोळीबार झाला. तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही पडले. शिरीषकुमारचे वय अवघे पंधरा. त्याच्या स्मारकाला हार घालताना आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो, "त्याला भीती ठाऊकच नव्हती." मीही सांगत आलो आहे. आता वाटते, आपण हे चुकीचे सांगतो. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याने छाती पुढे केली तर त्यात मोठेपण ते काय? पंधरा वर्षांच्या पोराला भीती वाटलीच असेल, घर आठवलेच असेल, आणि तरीही तो हलला नाही. त्याचे मोठेपण त्या 'तरीही'त आहे.

गोठलेल्या सैनिकांचेही तसेच. त्यांना थंडी वाजतच नव्हती असे मानले, की ते दगडाचे पुतळे होतात; आणि पुतळ्यांना पांघरूण कोणी दिले नाही, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. त्यांना थंडी वाजत होती असे मानले, की त्यांचा त्याग खरा होतो, आणि त्यांना तसे उघडे कोणी पाठवले हा प्रश्नही आपोआप पुढे येतो. गौरव आणि प्रश्न ही भावंडे आहेत. एकाला घराबाहेर काढले, की दुसरेही फार दिवस टिकत नाही.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे नातू अभ्यंगाला कुडकुडत बसला होता. उटणे लावता लावता मी म्हणालो, "बाळ, त्या दिवशी तू विचारले होतेस ना, त्या शिपायांना थंडी वाजत नव्हती का म्हणून?"

"हो."

"वाजत होती रे. खूप वाजत होती."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मग त्यांना कोणी स्वेटर का नाही दिला?"

या वेळी मी त्याला झोपायला सांगितले नाही.