दर वर्षी नवा अंगरखा

शास्त्रपाठ : १ शमुवेल २ : १८-२१



हन्नेने आपला शमुवेल शिलो येथे एली याजकाच्या स्वाधीन केला, ही कथा आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तिच्यातील एका लहानशा गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. ती माउली दर वर्षी पतीबरोबर यज्ञासाठी शिलोस जाई, तेव्हा मुलासाठी एक लहान अंगरखा करून नेई. मूल वर्षभर दृष्टीआड असे आणि गतवर्षीचे माप यंदा उपयोगी पडत नसे. तो किती वाढला असेल, ह्याचा विचार मनात वागविल्यावाचून तिला कापड बेतता आले नसते. मूल दुसऱ्याच्या हाती सोपविल्याने तिचे आईपण सरले नाही. दर वर्षी त्याचे नवे माप जाणणे, हे तिचे काम झाले.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आपल्या खेड्यांत जून महिना आला म्हणजे अनेक घरांवर हाच प्रसंग येतो. गावची जिल्हा परिषदेची शाळा कोठे चौथी-पाचवीवर, कोठे सातवीवर संपते, आणि मूल दूरच्या माध्यमिक शाळेत जाऊ लागते. काल ते आपल्या शाळेत सर्वांत मोठे होते. आज ते सर्वांत लहान. काल एकच गुरुजी त्यास नावाने हाक मारीत. आज तासागणिक नवे शिक्षक येतात. घरी अहिराणी, भिल्ली किंवा पावरी बोलणारे लेकरू तेथे तोंड उघडावयास भिते, कारण कोणी हसेल. ह्या उंबरठ्यावर पुष्कळ मुले गळतात. हे एकाएकी घडत नाही. प्रथम बाजाराच्या दिवशी एक खाडा, मग कापूस वेचणीचे चार दिवस, मग मागचे धडे न समजल्याची लाज, आणि दिवाळीनंतर दप्तर कायमचे खुंटीला लागते.

म्हणून आईबापांस आमचे पहिले सांगणे हे की, शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस मुलाबरोबर ती वाट चालून या. गाडी कोठे थांबते, पाणी कोठे मिळते, शौचालय कोठे आहे, हे त्यास दाखवा. मुलीस बरोबरीच्या मुलींची सोबत पाहून द्या. ग्रामीण भागातील पाचवीपासून पुढच्या मुलींस शाळेसाठी एस. टी. चा पास अहिल्याबाई होळकर योजनेखाली विनामूल्य मिळतो; तो मागून घ्यावा. २००९ साली झालेला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास आठवीपर्यंत मोफत शिक्षण देतो. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून ह्या इयत्तांत प्रवेश नाकारता येत नाही. मुलास मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे, हेही त्या कायद्याने निषिद्ध आहे. हे जाणून शाळेत जावे, व नम्रतेने परंतु ताठ मानेने बोलावे.

दुसरे सांगणे ऐकून घेण्याविषयी आहे. शमुवेल रात्री तीन वेळा उठून एलीकडे धावला. आपण हाक मारली नसताही एलीने त्यास दटावले नाही. तिसऱ्या वेळी त्याने ओळखले की, मुलाला खरोखर काही ऐकू येत आहे. आपले लेकरू सकाळी पोट दुखते म्हणते, डबा तसाच परत आणते, संध्याकाळी मुकाट बसते. त्यास आळशी म्हणण्यापूर्वी तीन वेळा विचारा. गुण किती मिळाले, हे मागाहून पाहता येईल. आज कोणाजवळ बसलास, कोणी हसले का, कोणत्या तासाला भीती वाटली, हे आधी विचारा. मुलीस ह्याच वयात पाळी येऊ लागते. त्याविषयी आईने तिला आधीच मायेने सांगून ठेवावे, म्हणजे ती घाबरून घरी बसणार नाही.

परंतु कोणी म्हणेल, आम्ही निरक्षर, आम्ही काय साहाय्य करणार? त्यांनी आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी हिचे स्मरण करावे. तिला अक्षरओळख नव्हती. तरी तिचा पुत्र सोपानदेव शिकून कवी झाला, आणि शेतात व घरात काम करताना तिने रचलेली गाणी त्याने व एका आप्ताने लिहून ठेविली, म्हणून ती १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, ग्रंथरूपाने निघाली. जळगावच्या विद्यापीठास २०१८ पासून तिचे नाव आहे. वही समोर घेऊन मुलास आज काय शिकलास ते मोठ्याने सांगावयास लावणे, त्यास दिव्याजवळची जागा व एक शांत तास देणे, ह्यास अक्षरओळख लागत नाही.

शिक्षकासही परके मानू नका. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत, आणि तेथील छात्रालयातील मुलांची आईसारखी काळजी घेत. असे शिक्षक आजही आहेत. परंतु घरची अडचण त्यांस कोणी सांगितल्यावाचून कशी कळणार? पहिल्या महिन्यातच जाऊन भेटा. माझे मूल अहिराणी बोलते, थोडे लाजते, त्यास पुढे बसवा, एवढे सांगितले तरी पुष्कळ.

आता कठीण गोष्ट. वेचणीचे दिवस आले की मुलाचे दोन हात घरास हवेसे वाटतात, आणि मुलीवर धाकट्या भावंडांचा भार पडतो. गरिबी खोटी नाही, हे आम्ही जाणतो. तथापि एका दिवसाची मजुरी सायंकाळी हाती येते व चार दिवसांत खर्चून जाते. चुकलेला धडा पुढील सर्व धडे अडवितो. काम सांगावयाचेच तर सुटीच्या दिवशी सांगा, आणि मुलीस एक व मुलास दुसरे असे माप लावू नका.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळीतील कोणकोणती मुले यंदा नव्या शाळेत गेली, त्यांची नावे लिहून ठेवा. दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या आठवड्यात ती यादी घेऊन घरोघर जा. जे दप्तर खुंटीवर दिसेल, तेथे थोडे अधिक बसा. थोरल्या मुलांस सांगा की, त्यांनी धाकट्यांस सोबत न्यावे.

शमुवेल वाढत गेला, असे शास्त्र सांगते. ज्या प्रभूने त्यास वाढविले, तो आपल्या लेकरांसही वाढवो, आणि त्यांचे नवे माप ओळखण्याची दृष्टी आपणांस देवो. आमेन.