गदा की द्रोणागिरी?

कबड्डीचा संघ नीट जमण्याआधीच मुलांना त्याचे चिन्ह हवे असते. आमच्या कोल्हापुरात तरी याचे नवल वाटू नये. येथे पेठेपेठेला तालीम आहे आणि तालमीचा अभिमान आखाड्यापुरता राहत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावे फुटबॉलच्या मैदानावरही तितक्याच ईर्ष्येने घेतली जातात. तेव्हा माझ्या वर्गातील मुलांनी वाघ, सिंह, तलवार असे सारे पर्याय चर्चून छातीवर मारुतीची गदा लावायचे ठरवले, हे रीतीला धरूनच झाले. प्रश्न वरवर चित्रकलेचा दिसतो. विचार करू लागले म्हणजे तो नीतीचा आहे, असे मला वाटू लागते.

कबड्डी हा गडी बाद करण्याचा खेळ. पण मुले 'बाद' म्हणत नाहीत, 'मेला' म्हणतात; आणि खेळाच्या जुन्या प्रकारांची नावेही जन्ममरणाशी नाते सांगणारीच आहेत. 'गामिनी'त मेलेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. 'अमर'मध्ये नुसता गुण मोजतात, गडी मैदान सोडीतच नाही. 'संजीवनी'त समोरचा एक बाद झाला की आपला एक उठतो. आजची नियमबद्ध कबड्डी चालते ती या संजीवनीच्या वाटेने.

या नियमात मोठे शहाणपण आहे. सात जणांतला सर्वांत बलदंड गडी एकदा बाद झाला की स्वतःच्या बळावर उठू शकत नाही. त्याला उठवतो तो मागे उरलेला, कदाचित त्याच्याहून दुबळा सोबती. उठण्याचा क्रमही ठरलेला असतो. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. लाडक्याला अगोदर, अशी सोय नाही.

मारुती हे आपल्या खेळाडूंचे दैवत. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ दाखवणारे अमरावतीचे मंडळही हनुमानाचेच नाव धारण करणारे. पण मारुतीच्या एका हातात गदा असते, तशी दुसऱ्या हातावर पुष्कळदा द्रोणागिरीही असतो. मूर्च्छित लक्ष्मणासाठी तो संजीवनी आणायला गेला. वनस्पती ओळखू येईना, म्हणून अवघा पर्वतच उचलून आणला. मग आपली नजर नेहमी त्या एकाच हाताकडे का जावी?

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, तुमची संजीवनी तरी कुठे निष्पाप आहे? आपला एक उठतो तो पलीकडचा एक पडला म्हणूनच ना?" हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळीत नाही. द्रोणागिरीदेखील युद्धातच आणला गेला होता. पण पलीकडच्याला पाडणे आणि आपल्याला उठवणे ही एकाच चढाईची दोन फळे असली, तरी त्यांतील कोणते अभिमानाने मिरवायचे, हे आपल्या हाती असते. गदा सांगते, मी तुमचे काय करीन. पर्वत सांगतो, मी माझ्या माणसांसाठी काय करीन. चिन्ह काही खेळाचा नियम बदलीत नाही. संघ स्वतःला कशावरून ओळखतो, एवढेच ते ठरवते.

शिवाय चिन्ह जिंकणाऱ्यासाठीच नसते. चढाईत गवसलेला पोर बाहेर जाऊन बसतो, तेव्हा सदरा तोच अंगात असतो. त्या घटकेला छातीवरची गदा त्याची थट्टा करते. पर्वत मात्र त्याला सांगतो की, आत तुझे सोबती आहेत.

मुले अजून गदेवरच अडून बसली आहेत. संघ त्यांचा आहे, तेव्हा निर्णयही त्यांचाच. मी त्यांना एवढेच विचारणार आहे: बाद होऊन रेषेबाहेर बसलेल्या आपल्या गड्याने मान खाली घातली, तर त्याला छातीवर काय दिसावे?