मावशीची फिर्याद

दाभोळच्या धक्क्याजवळ एक मावशी राहायची. सुकी मासळी विकून तिनं मुलाला शिकवलं, मुंबईला नोकरीला लावलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री तो गावी यायला निघाला आणि सीएसटी स्थानकावर गाडीची वाट बघत होता. कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला करून 166 माणसं मारली. त्यांत तोही गेला.

सरकारी मदत मिळाली. त्या दहांपैकी जिवंत सापडलेल्या कसाबला 2012 मध्ये फाशी झाली. गाव म्हणालं, न्याय झाला. मावशीला ते पटेना. बंदूक कसाबची होती. पण ती चालवायला शिकवलं कुणी? रात्रभर फोनवरून हुकूम कोण सोडत होतं?

धक्क्यावरची तरणी पोरं तावातावानं म्हणत, "मावशे, कराचीच जाळायला हवी!"

एकदा गावातल्या निवृत्त गुरुजींनी ते ऐकलं. म्हणाले, "असंच आपलं दाभोळ जळलंय रे. अल्मेडा नावाचा पोर्तुगीज व्हाइसरॉय होता. 1508 मध्ये त्याचा मुलगा चौलच्या लढाईत पडला. मारलं इजिप्तच्या आरमारानं, साथ होती दीवच्या मलिक अयाजची. बाप सूड घ्यायला निघाला आणि वाटेत आदिलशाहीतलं हे भरलेलं बंदर लागलं. वर्ष संपता संपता त्यानं गाव बेचिराख केलं. बायका-लेकरंसुद्धा सोडली नाहीत. त्यांनी त्याच्या मुलाचं काय बिघडवलं होतं?"

पोरं गप्प झाली. त्या बापाचं दुःख खोटं नव्हतं. पण 'गुन्हेगार कोण ते आधी सिद्ध कर' असं त्याला सुनावणारं कुणी नव्हतं. मावशीच्या मनात हेच घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं दापोलीला गेली. भाचा तिथं वकिली करायचा.

"मला पाकिस्तान सरकारवर दावा लावायचाय."

भाच्यानं पेन खाली ठेवलं. "मावशे, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 86 आडवं येतं. केंद्र सरकारच्या लेखी संमतीशिवाय परक्या राष्ट्रावर दावा चालत नाही."

"मग संमती मागू."

"ती कधी द्यायची तेही कायद्यात लिहिलंय. त्या राष्ट्रानं आधी तुझ्यावर दावा केला असेल, ते इथं व्यापार करत असेल, इथल्या त्याच्या स्थावर मालमत्तेचं भांडण असेल, किंवा त्यानं आपला हक्क स्वतःहून सोडला असेल, तरच."

"आणि माणूस मारला असेल तर?"

"ते त्यात नाही."

मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या खाडीपल्याड एन्रॉन आणि तिच्या भागीदार कंपन्यांचा वीजप्रकल्प उभा राहिला. वीज घेणं थांबलं तेव्हा त्या कंपन्यांनी काय केलं?"

भाच्याला सांगावं लागलं. एन्रॉनच्या भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मॉरिशसशी झालेल्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन भारत सरकारला लवादात खेचलं. 2005 मध्ये तडजोड झाली, त्यांना पैसे मिळाले.

"म्हणजे बुडालेल्या पैशासाठी परक्या सरकारला जाब विचारता येतो. माझ्या पोरासाठी नाही?"

भाच्यानं अमेरिकेचं उदाहरण दिलं. मुंबईच्या त्याच हल्ल्यात नरीमन हाऊसमध्ये मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांनी 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात आयएसआय या पाकिस्तानी गुप्तचर संस्थेवर दावा लावला होता. 2012 मध्ये अमेरिकी सरकारनंच सांगितलं की आयएसआयला संरक्षण आहे, आणि पुढच्या वर्षी न्यायालयानं तिच्यावरचा दावा काढून टाकला. त्याच अमेरिकेनं 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांचा नकाराधिकार झुगारून कायदा केला आणि 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना सौदी अरेबियाविरुद्ध वाट मोकळी करून दिली. हल्ला अमेरिकेच्या भूमीवरचा हवा, एवढी अट ठेवली.

"पण मावशे, आपण दार उघडलं तर उद्या दुसऱ्या देशाचे लोक आपल्या सरकारवर दावे लावतील. खरे-खोटे सगळेच."

ही भीती पोकळ नाही. ओबामांनीही तीच बोलून दाखवली होती. मावशी म्हणाली, "लावू देत. खोटा असेल तर पुराव्यात पडेल. खरा असेल तर आपणही उत्तर द्यायला नको का? अरे, मी कराची जाळायला सांगत नाही. तिथल्या बायांची पोरं माझ्या पोरासारखीच. हुकूम देणाऱ्याचं नाव न्यायाधीशानं लिहावं, एवढंच मागते."

भाच्यानं अर्ज लिहिला. आजच्या कायद्यानं तो फेटाळला जाणार, हे त्यानं लपवलं नाही. मात्र कलम 86 चंच सहावं पोटकलम तिला वाचून दाखवलं: अर्जदाराला बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून सरकारला संमती नाकारता येत नाही.

"मग बोलावतील तेव्हा जाईन," असं म्हणून मावशीनं सही केली.

तिथं तिचं म्हणणं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे हात कायद्यानं बांधलेले असतील. ते सोडवणं संसदेच्या हाती आहे. व्यापार आणि जमीन यांच्या जोडीला भारताच्या भूमीवर घडवलेला दहशतवादी हल्ला, हे कारण कलम 86 मध्ये घालावं. आपल्या खासदाराला तेवढं एक पत्र आपण प्रत्येकानं लिहायला हवं.