पेटीचं भोक

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात मामा-भाचे कामाला होते. मामांची हयात इंजिनं उघडण्यात गेलेली, भाच्याला नाद गाड्या सजवायचा. एका उन्हाळ्यात भाच्यानं जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि लगेच तिला कोल्ड एअर इनटेक बसवायला काढला.

यामागचं शास्त्र खरं आहे. बॉनेटखालची तापलेली हवा विरळ, बाहेरची गार हवा दाट. हवा 10 अंशांनी गार मिळाली, तर तेवढ्याच जागेत साधारण 3 टक्के जास्त ऑक्सिजन मावतो. म्हणून लांब पाइप टाकून फिल्टरचा शंकू पार खाली, बंपरच्या मागं, फॉगलॅम्पच्या शेजारी नेतात. चालवणाऱ्याला फरक कळतो तो मुख्यतः आवाजात, असं माझं मत. पण हौसेला मोल नाही.

कंपनीची काळी प्लास्टिकची पेटी काढताना भाच्याला हसू आलं. "मामा, बघा की. बुडाला भोक हाय हिच्या. आणि हवा घ्यायचं नळकांडं कुठं, तर पार वर, हेडलाइटच्या मागं! माप चुकलंय कंपनीवाल्याचं."

चाकावरच्या मडगार्डचं आतलं प्लास्टिक नव्या पाइपला आडवं येत होतं. तेही त्यानं कापून टाकलं.

मामा म्हणाले, "पेटी भंगारात घालू नको. माळ्यावर ठेव."

"कशाला?"

"भोक उगंच पाडलं नसंल त्यांनी. कशाला पाडलंय ते कळंस्तवर ठेव."

पावसाळा तोंडावर आला तसं भाच्यानं फिल्टरवर घालायचं पाणी झटकणारं कापडी कव्हर मागवलं. जूनमध्ये तो मुद्दाम गगनबावड्याला जाऊन आला. तिथला पाऊस कसा, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. गाडीला काही झालं नाही.

"बघितलासा मामा? एक थेंब आत नाही."

"वरनं पडणारं पाणी येगळं, खालनं चढणारं येगळं," मामा म्हणाले. "कापड शिंतोडे झटकतंय. फिल्टरच बुडाला तर इंजिन कापडातनंबी पाणी ओढणार, नळीनं उसाचा रस ओढावा तसं."

भाच्यानं मान हलवली. अशी मान हलवणं म्हणजे काय, ते घरोघरच्या मामांना ठाऊक असतं.

जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 43 फुटांची, म्हणजे अजून अवकाश होता, असा हिशोब करून भाचा नदीकडच्या रस्त्यानं निघाला. पाणी गुडघ्याच्या खाली. पुढं मोटरसायकली जात होत्या. तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि त्याची लाट बंपरवर आदळली. इंजिन गचकून बंद पडलं. इथं चावी काढून गाडी ढकलत आणली असती, प्लग उघडून सिलेंडरमधलं पाणी उडवलं असतं, तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. त्यानं स्टार्टर मारला. टक्. पुन्हा मारला. पुन्हा टक्.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळला की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो, आणि तो वाकतो.

गॅरेजात हेड उतरवल्यावर मामांनी पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक हळूहळू फिरवला. चार सिलेंडरच्या अशा इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन जोडीनं वर येतात. पहिला काठाला भिडला. चौथा नखभर खालीच थांबला आणि तिथूनच माघारी फिरला. मामांनी पुन्हा फिरवून दाखवलं. पुन्हा तसंच. रॉड बाहेर काढून बघायची गरजच उरली नव्हती.

मामा रागावले नाहीत. "माळ्यावरनं पेटी आण," म्हणाले, "आणि एक तांब्या पाणी."

भाच्यानं पेटीच्या नळकांड्यात पाणी ओतलं. ते खालच्या कप्प्यात उतरलं आणि बुडाच्या भोकातून धार लागून त्याच्याच पायावर सांडलं. वरच्या बाजूचा कागदी फिल्टर कोरडा. भाच्यानं त्यावर बोट फिरवून बघितलं.

विम्याचं सांगण्यासारखं काही नाही. इंजिनासाठीचं जादा संरक्षण घेतलेलं नव्हतं, आणि केलेला बदल कंपनीला कळवलेला नव्हता. खर्च पगारातून कापून गेला. कव्हर विकणाऱ्याला भाच्यानं शिव्या घातल्या, पण त्याच्या पाकिटावर शिंतोड्यांपासून बचाव एवढंच लिहिलेलं होतं, पाण्यात बुडवा असं कुठं नव्हतं.

पुढच्या एका उन्हाळ्यात कॉलेजातला एक पोरगा गाडी घेऊन आला. "दादा, लांब पाइपचा इनटेक बसवायचाय."

भाच्यानं पाना खाली ठेवला. "राहतोस कुठं?"

"शाहूपुरीत, कुंभार गल्लीत."

"2019 ला पाणी आलं होतं?"

"आलं की. 2021 ला पण."

"मग आखूड पाइप बसवू. फिल्टर बॉनेटखालीच, वर ठेवायचा, इंजिनाच्या बाजूनं पत्रा आडवा लावू. मडगार्डच्या प्लास्टिकला हात लावणार नाही. तरी बंपरला पाणी लागलं, की गाडी घालायची नाही. आणि बंद पडलीच, तर चावीला हात लावायचा नाही, मला फोन करायचा."

"म्हणजे हवा गरमच मिळणार की दादा."

"थोडी मिळंल."

पोरगा जरा घुटमळला. "आवाज येईल ना पण?"

"आवाज येईल."

"मग चालतंय!"