रिकामे स्टूल

पियानोपुढचे स्टूल रिकामे आहे आणि तरी पट्ट्या आपोआप खालीवर होत आहेत, हे दृश्य प्रथम पाहणाऱ्याला भुताटकीच वाटावी. शंभर वर्षांपूर्वी ही करामत भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी करीत असे. आज ते काम संगणकातली ‘मिडी’ फाईल करते. 1983 साली रूढ झालेल्या या सांकेतिक लिपीत ध्वनी साठविलेला नसतोच. कोणती पट्टी केव्हा दाबायची, किती जोराने दाबायची आणि केव्हा सोडायची, एवढ्याच आज्ञा तीत असतात. नाद उमटतो तो समोरच्या खऱ्या तारांतून. तबकडीने आवाज जपला, हिने बोटांची कृती जपली.

पण असा पियानो जॅझ वाजवू लागला की मन अडखळते. जॅझचे आपल्या ख्यालासारखेच आहे. मुखडा ठरलेला, विस्तार मात्र त्या क्षणी सुचेल तो. 1930 नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन निग्रो वादक पियानोवर बसे, तेव्हा ऐकणाऱ्यांसमोर एक माणूस विचार करीत असे. यंत्राला काही सुचत नाही आणि चुकण्याचे भयही नाही. मग वाजवतो कोण?

मला वाटते, ज्याने ती योजना केली तो. हिंदी चित्रपटांसाठी सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस या गोमंतकीयांनी स्वरलेखन केले. वाजवणारे हात दुसऱ्यांचे होते. म्हणून ती कला त्यांची नव्हे, असे कोण म्हणेल? मात्र त्यांची नावे सामान्य श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोचली. हातोहात फिरणाऱ्या फाईलवरूनही नाव असेच गळून पडू शकते. हा दोष यंत्राचा नाही, ऐकून विसरणाऱ्याचा आहे.

यंत्राचा खरा धोका निराळाच आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देवळांतही आता आरतीला विजेचा नगारा वाजतो. बटण दाबले की नगारा, झांज, घंटा एकदम सुरू! त्या मोटारीमागे कुणाची प्रतिभा नाही, आणि टाळासाठी भांडणारी पोरे हात बांधून उभी असतात. दूरच्या, कदाचित दिवंगत माणसाचा हात आपल्यापर्यंत आणणाऱ्या यंत्राचे उपकार मानावेत; आपलाच हात रिकामा करणाऱ्याचे कशाला?

या दिवाळीत तो स्वयंचलित पियानो अवश्य ऐकावा, रचनाकाराचे नाव विचारून घ्यावे, आणि मग घरातल्या पेटीचा भाता एकदा स्वतः हलवून पाहावा. सूर चुकले तरी ते आपले असतील.